दारामागची घड्याळं

आमच्या बंदरात बोटी अठरा आणि धक्का जेमतेम तीन बोटींचा. म्हणून एकीला एक चिकटवून सहा-सहाच्या तीन रांगा लावतो. पहिली भिंतीला, दुसरी तिच्या कुशीला, तिसरी दुसरीच्या कुशीला, आणि सहावी पार पाण्यात. सहावी सुटल्याशिवाय पाचवी हलत नाही, आणि पहिलीने सगळ्यांची वाट बघत बसायचं. एवढं ज्याला कळलं त्याला आमचं बंदर कळलं. बाकी नुसतं शिट्टी वाजवणं.

ती शिट्टी एकोणीस वर्षं माझ्या गळ्यात आहे. त्याआधी आमच्या ह्यांच्या होती. हे गेले तेव्हा वरच्या कचेरीतून पत्र आलं, की दुसरा माणूस मिळेपर्यंत बंदराची देखरेख त्यांच्या पत्नीने तात्पुरती करावी. माणूस काही मिळाला नाही. माझे केस पांढरे झाले, मुलगा मोठ्या जहाजावर नोकरीला लागला, घरात सून आली, कचेरीचं छप्पर दोनदा बदललं, आणि मी अजून तात्पुरतीच.

लोकांना वाटतं बोटींची जागा लांबीवर ठरते. खुळे आहेत. जागा माणसावर ठरते. वेळेवर येणारा बाहेरच्या अंगाला, उशिरा येणारा आत भिंतीला. तेवढ्यानेही भागत नाही, म्हणून मी वेळेचं औषध देते. बंदराच्या मुखाशी वाळूची पट्टी आहे, भरती चढल्याशिवाय तिच्यावरून बोट जात नाही. समजा नऊला पाणी होणार असेल, तर मी बेकरीवाल्याला सात सांगते. तो साडेनवाला डोळे चोळत येतो. नऊ सांगितले तर अकराला उगवेल. दातांच्या डॉक्टरला साडेसात सांगते. जुळ्या भावांपैकी एकाला सात, एकाला आठ, कारण दोघांना एकच वेळ दिली की हा त्याची वाट बघत घरी बसतो आणि तो ह्याची. आता ह्याला कोणी खोटं म्हणेल. मी माप म्हणते. शिंपी प्रत्येकाच्या अंगाचं वेगळं माप घेतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही.

फक्त सहा जणांना मी खरी वेळ सांगत आले. प्रत्येक रांगेतले बाहेरचे दोन-दोन. त्यांची म्होरकी गणितबाई. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण शाळेची घंटा अजून डोक्यात वाजते. नऊ म्हटलं की पावणेनवाला बाई धक्क्यावर, पाठ ताठ, पिशवी मांडीवर. मुखातून एका वेळी एकच बोट जाते, म्हणून सगळ्यांनी मिळून निघायच्या दिवशी सगळे जमल्याशिवाय मी शिट्टी देत नाही. तेव्हा बाई अर्धा तास बसून राहायच्या आणि माझ्याकडे असं बघायच्या, जसं काही मीच गृहपाठ आणला नाही.

कोणाला काय वेळ सांगितली ते विसरले तर फजिती व्हायची. मी दुसरीतून शाळा सोडली. आकडे येतात, अक्षरांशी माझं कधी पटलं नाही. म्हणून कचेरीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने अठरा घड्याळं काढते. वर बोटीचा नंबर, खाली गोल, गोलात दोन काटे. दार बाहेर उघडतं, पण मी ते कधी वीतभरापेक्षा जास्त उघडत नाही. वारा येतो म्हणून सांगते.

तर त्या दिवसांत वरच्या कचेरीतून साहेब आला. वय माझ्या मुलाएवढं, बूट चावणारे, बगलेत फाईल.

"आजी, परवा सकाळी गाळ उपसायला ड्रेजर येणार. बरोबर साडेदहाला. तेव्हा बंदर पूर्ण रिकामं हवं."

"आजी तुमच्या घरी असेल. इथे मावशी म्हणतात."

"मावशी. सगळ्या बोटी दोन दिवस पलीकडच्या आडोशाला न्यायच्या. साडेदहाला एक जरी बोट आत राहिली तर ड्रेजर परत जाईल."

"जाईल का? जाणार नाही. रिकामं होईल."

त्याने फाईल उघडली. "आणखी एक. ही तात्पुरती नेमणूक आता संपवायची आहे. बंदर वेळेत रिकामं झालं तर कायमची तुम्ही. नाही झालं, तर पुढच्या महिन्यापासून आमचा माणूस येईल. शिट्टी त्याच्याकडे."

सूनबाई बाजूला उभी होती. तिने माझा हात दाबला. मी तिचा हात झटकला आणि गळ्यातली शिट्टी पदराने पुसायला लागले.

आदल्या दिवशी दुपारी मी नवी घड्याळं काढली आणि अठरा जणांना एकेक करून वेळा सांगितल्या. आत्तापर्यंतचं माझं सगळ्यात बारीक माप होतं ते. मग पाच वाजता साहेब कचेरी तपासायला आला. "काय घुसमट आहे हो इथे!" म्हणाला, दार पार बाहेरच्या भिंतीला टेकवलं आणि त्याला दगड लावला. मी मुखाशी पाणी मोजायला पुढे गेलेले. साहेब माझ्या मागोमाग आला. दीड तास आम्ही तिकडे बांबू बुडवत होतो, आणि दीड तास माझं दार पोटातली अठरा घड्याळं घेऊन सगळ्या धक्क्याकडे तोंड करून उभं होतं. परत आले तेव्हा मी दगड सरकवला, दार ओढलं आणि घरी गेले. मनात काही आलंच नाही.

सकाळी पावणेनऊला मी धक्क्यावर आले आणि बघते तो काय, बेकरीवाला उभा. दाढी केलेला. त्याच्या शेजारी दातांचा डॉक्टर. जुळे भाऊ एकत्र, एका वेळी, दोघांच्या भांगातून पाणी गळतंय. रांगांतले आतले बाराच्या बारा जण बायकापोरांसकट हजर. मला गहिवरून आलं. म्हटलं, बघा, माझ्यासाठी आली गं माणसं!

"बेकरीवाल्या, तू आणि पावणेनऊ? तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे," तो हाताची घडी घालून म्हणाला. "मला सात सांगितलंत. डॉक्टरला साडेसात. मी डॉक्टरपेक्षा अर्ध्या तासाने ऐदी आहे होय?"

मी त्याला बाजूला ओढलं.

"कोणी सांगितलं तुला?"

"तुमच्या दाराने."

"आणि आमच्यात एकाला सात, एकाला आठ!" एक जुळा ओरडला. "आम्ही एकाच दिवशी जन्मलो, मावशी!"

"तू अकरा मिनिटं उशिरा," दुसरा म्हणाला.

"गप रे!"

बाराही जण एकदम सुरू झाले. कोणाला किती, कोणाला किती कमी, माझ्यापेक्षा तो बरा कसा. डॉक्टरच्या बायकोचं म्हणणं, साडेसात हा अपमान आहे, सहा सांगायला हवे होते, ह्यांना उठवताना माझा जीव जातो. मी शिट्टी मारली.

"भांडा मग! वेळेवर आलात ना? रागाने आलात तरी चालेल. चला, बाहेरच्या बोटी सोडा."

आणि तेव्हा मी बाहेरच्या बोटींकडे पाहिलं. सहाच्या सहा बोटींवर चिटपाखरू नव्हतं. वेळेवर येणारी माणसं, ज्यांच्या जिवावर माझी सगळी मांडणी, त्यांच्यातलं एकही नाही. घड्याळात नऊ.

सूनबाईने गणितबाईंना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला.

"बाई, कुठे आहात?"

"घरी. आम्ही सहाही जण इथेच आहोत. चहा चाललाय."

"अहो नऊ वाजले!"

"मला घड्याळ वाचता येतं, मावशी. काल दार बघितलं आम्ही. आज सात वाजता मुखाशी गुडघाभर पाणी नसणार, नऊला होणार. म्हणजे तुम्ही सांगताना दोन तास वजा करता. आता आम्हाला नऊ सांगितलंत. नऊ अधिक दोन किती?"

"तुम्हाला खरं सांगितलं होतं हो! तुम्हालाच तेवढं!"

"आणि दरवेळी मी अर्धा-अर्धा तास बसून का राहते? उदाहरण सुटलंय माझं. पावणेअकराला पोचतो."

"बाई, साडेदहाला ड्रेजर येतोय!"

"म्हणजे साडेबाराला. तुमचं हे असंच असतं."

सूनबाईने फोन हिसकावला. तिचा आवाज गोड, तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. "बाई, आई खरं सांगतायत."

"तू त्यांचीच सून. तुला वाईट नाही म्हणत मी, पण तुला राहायचंय त्या घरात."

एवढ्यात साहेब आला. हातात फाईल, पायात तेच चावणारे बूट. सूनबाईने फोन त्याच्या हातात कोंबला. त्याने घसा साफ केला. "नमस्कार. मी बंदर विभागाचा अधिकारी बोलतोय. प्रशासकीय कारणास्तव—"

पलीकडून बाईंचा आवाज धक्क्यावर सगळ्यांना ऐकू आला. "बेकरीवाल्या, आवाज बरा काढलास. पण 'प्रशासकीय' तुझ्या तोंडी शोभत नाही हो." आणि फोन बंद. पुन्हा लावला तर लागेचना. बाईंचं घर डोंगरापलीकडे, माणूस धाडून आणेपर्यंत साडेदहा वाजून जाणार.

बेकरीवाला इतका हसला की त्याला खुंटाला धरावं लागलं. मग जुळे हसले. मग डॉक्टरची बायको. आणि देवाशपथ सांगते, माझी शिट्टी जायची वेळ आली होती, पण मलाही हसू फुटलं. 

साहेब मात्र हसत नव्हता. तो घड्याळाकडे बघत होता. "नऊ वीस. मावशी, हे लोक का आले नाहीत?"

खोटं सांगायचं तर तिथल्या तिथे तीन कारणं तयार होती माझ्याकडे. पण बारा जणं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"कारण एकोणीस वर्षं मी ह्या सगळ्यांना वेगवेगळ्या वेळा सांगत आले," मी म्हणाले. "आणि काल कोणीतरी माझ्या दाराला दगड लावला."

साहेबाने दाराकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"मग बंदर रिकामं होणार नाही," तो हळू म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, हे मला जास्त लागलं. "बाहेरच्या सहा हलल्याशिवाय..."

"साहेब, तुमच्या कागदावर काय लिहिलंय? बोटी बाहेर हव्यात की बोटींचे मालक?"

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "बोटी."

"झालं तर! बेकरीवाल्या, गणितबाईंची बोट घे."

बेकरीवाला दोन पावलं मागे सरला. दुसऱ्याच्या बोटीवर सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे इतकं पक्कं आहे की नवरा-बायको बोटीच्या दाराशी एकमेकांना विचारून आत जातात. त्यात गणितबाईंची बोट. तिच्यावर दोरांना नंबर आहेत.

"मला कापतील त्या," बेकरीवाला म्हणाला.

"तुला कापतील तेव्हा मी मधे पडेन. चप्पल काढ आणि चढ! चावी चहापत्तीच्या डब्यात आहे, हरवू नकोस."

"तुम्हाला कसं माहीत?"

"एकोणीस वर्षं खुर्चीत बसून काय डोळे मिटून बसले होते?"

आणि मग मी सुटले. कोणाची चावी कुठे, कोणाचं इंजिन कसं रुसतं, सगळं मला ठाऊक. घड्याळवाल्याची चावी जुन्या बुटात. नर्सबाईंच्या इंजिनाला आधी दोन थापडा, मग बटण. शिंप्याची बोट डावीकडे ओढते, उजवीकडे बघून चालवा. पोस्टमनच्या बोटीत बायकोपासून लपवलेल्या सिगारेटी आहेत, त्यांना हात लावू नका. पोस्टमनची बायको नेमकी नवऱ्याला शोधत धक्क्यावर आली होती. असो. एवढ्या कामात एखादं तोंडून जातंच.

साडेनऊला गणितबाईंची बोट सुटली. बेकरीवाला अनवाणी, सुकाणूवर नुसती करंगळी टेकवून, जसा काही तापलेल्या तव्याला हात लावतोय. तिच्यामागे डॉक्टर नर्सबाईंच्या बोटीत, इंजिनाला थापडा मारत आणि तिला "दुखणार नाही, दुखणार नाही" म्हणत. सहाच्या सहा बाहेरच्या गेल्या. मग आतल्या सुटायला लागल्या, आणि ध्यानात आलं की सहा माणसं दुसऱ्यांच्या बोटींवर गेली म्हणजे त्यांच्या सहा बोटी उघड्या. त्यातल्या तीन बोटींवर बायका चढल्या. डॉक्टरची बायको नवऱ्याची बोट घेऊन अशी निघाली की डॉक्टर पुढून ओरडला, "सावकाश गं, रंग नवा आहे!" ती ओरडली, "मग साडेसातला उठत जा!" त्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण लग्न झालेल्यांना कळला.

एक जुळा भावाच्या बोटीत, भाऊ त्याच्या. दोघांच्या बोटी दिसायला एकसारख्या, त्यामुळे ही अदलाबदल कशासाठी झाली ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

दहा वाजून दहा मिनिटं. दूरवर ड्रेजर दिसायला लागला, पिवळा, बेढब. आत तीन बोटी उरल्या, धक्क्यावर माणसं तीन. सूनबाई, साहेब आणि मी.

सूनबाईने पदर खोचला, उडी मारली, इंजिन चालू केलं. मी तिला कधी बोट चालवायला शिकवलं नव्हतं.

"कुठे शिकलीस गं?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा!" ती ओरडली आणि मुखाकडे गेली. सुरेख घेतलं तिने वळण. मी तोंडावर सांगितलं नाही, आता सांगते.

साहेब माझ्याकडे बघत होता. "मावशी, मी फक्त पाहणीला आलोय. मला पोहताही येत नाही."

"तुम्हाला पोहायला सांगतंय कोण? बसा त्या निळ्या बोटीत. ही दांडी इकडे केली की बोट तिकडे जाते. उलटं आहे, एवढं ध्यानात ठेवा."

"पण नियमात—"

"दार कोणी उघडलं?"

तो बूट काढून बोटीत बसला. मी त्याला इंजिन चालू करून दिलं, दोर सोडला, पायाने बोट ढकलली आणि तो निघाला. आधी धक्क्याकडे आला, मग गोल फिरला, मग बंदराच्या मधोमध आणखी एकदा गोल फिरला. त्याच्या तोंडून बारीकसा आवाज आला. मला वाटलं घाबरला. बघते तर हसत होता! लहान मूल पहिल्यांदा सायकलवर बसतं तसा. "जातेय, मावशी! मी म्हणतो तिकडे जातेय!"

"तिकडे नको, मुखाकडे!"

शेवटची बोट बेकरीवाल्याची होती. पिठाने पांढरी, इंजिन म्हातारं. हे गेल्यापासून मी सुकाणूला हात लावला नव्हता. बंदर सांभाळणाऱ्याने धक्का सोडायचा नसतो, असं मीच स्वतःला सांगितलेलं. दहा वाजून एकोणीस झाले होते. दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही, पण ते ऐकून चालू झालं. धक्का मागे सरकला. माझी खुर्ची मागे सरकली, कचेरी सरकली, ते मेलं दारही सरकलं, आणि माझ्या पोटात असं काही गुदगुल्या झाल्यासारखं झालं की मी साठीची बाई तिथे एकटी मोठ्याने हसले.

मुखाशी साहेब माझ्यापुढे होता, वेडावाकडा. ड्रेजर समोरून येत होता, भोंगा वाजवत. बाहेर पंधरा-सोळा बोटी झुलत होत्या आणि प्रत्येक बोटीवरून कोणी ना कोणी साहेबाला शिकवत होतं. "डावी!" "अहो ती उजवी!" "दांडी सोडा!" "सोडू नका!" मी मागून शिट्टी मारली, एकदाच, लांब. सगळे गप्प झाले. "साहेब, समोर सूनबाई दिसते? फक्त तिच्याकडे बघा आणि चालवा." त्याने पाहिलं आणि तीरासारखा बाहेर. त्याच्यामागोमाग मी. वाळूची पट्टी बोटीखालून सरसरत गेली, तेवढी मात्र पायाला जाणवली.

ड्रेजर रिकाम्या बंदरात शिरला.

बाहेर जो गोंधळ झाला तो विचारू नका. बोटीला बोट भिडलेली, लोक एकमेकांना दुसऱ्याच्या बोटीतले डबे उघडून दाखवतायत, बेकरीवाला गणितबाईंच्या नंबर लावलेल्या दोरांत अडकून सात नंबरला शिव्या देतोय. आणि धक्क्यावर, बरोबर पावणेअकराला, सहा माणसं येऊन उभी राहिलेली दिसली. पाठी ताठ. पिशव्या हातात. समोर रिकामं पाणी आणि एक पिवळा ड्रेजर. आमच्या बोटींतून जो आरडाओरडा उठला तो त्यांच्यापर्यंत पोचला असणार, कारण गणितबाईंनी हात वर केला. रागाने की हार मानून, एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं. मग त्यांना आपली बोट आणि तिच्यावरचा बेकरीवाला दिसला असावा. दुसराही हात वर गेला.

साहेबाने फाईल मांडीवर घेतली, एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्याने लिहायला लागला. कागद माझ्याकडे द्यायचा तर मधे सहा बोटी. त्याने तो डॉक्टरच्या बायकोला दिला, तिने वाचला आणि ओरडली, "कायमची!" तिने पुढे दिला. जुळा वाचून ओरडला, "कायमची!" प्रत्येक बोटीवर कागद थांबला, प्रत्येकाने तो मोठ्याने वाचला, कोणी "मावशीला सात वाजताच सांगायला हवं होतं हे" म्हणालं, कोणी नुसतीच शीळ घातली. शेवटी तो सूनबाईकडे आला. तिने माझ्या बोटीला बोट लावली आणि सबंध वाचून दाखवला. सही, शिक्का, बंदराची देखरेख कायमस्वरूपी.

"पुन्हा वाच," मी म्हणाले.

तिने पुन्हा वाचला. 

मग मी कागद हातात घेतला. अक्षरांचं राहू दे, आकडे मला येतात. खाली लिहिलं होतं: बंदर रिकामे झाल्याची वेळ, दहा वाजून अठ्ठावीस मिनिटे. आकड्यात, १०.२८.

"साहेब!" मी सहा बोटींवरून ओरडले. "अठ्ठावीस नाही! सव्वीस! मी पट्टी ओलांडली तेव्हा बघितलंय!"

"मावशी, दोन मिनिटांनी काय फरक पडतो?"

सगळ्या बोटींवरून माना त्याच्याकडे वळल्या. कागद पुन्हा सहा बोटींवरून उलटा त्याच्याकडे गेला. त्याने खोडलं, नीट केलं, बाजूला सही केली आणि परत पाठवला.

सव्वीसच होतं.